श्रेष्ठ भिंग कोणतें ?

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक असते. परंतु छायाचित्रणाचा छंद ज्यास लागला, तो ती फार लौकर विसरतो. चित्र पुसट आलें कीं दोष भिंगाचा, आणि दुसऱ्याचें चित्र रेखीव आलें कीं श्रेय त्याच्या महागड्या कॅमेऱ्याचें, असा न्याय बहुतेकांच्या तोंडीं असतो. गेल्या कांहीं वर्षांत फिल्म घालून चालविण्याच्या जुन्या कॅमेऱ्यांची हौस पुन्हां उत्पन्न झाली आहे. माळ्यावर आणि लोखंडी कपाटांत पडलेले कॅमेरे तरुण मंडळी खालीं काढीत आहेत, आणि त्यांच्याबरोबर ‘श्रेष्ठ भिंग कोणतें ?’ हा जुना वादहि खालीं निघाला आहे. झाइसचें टेसार चांगलें कीं तीन कांचांचें साधें भिंग पुरे, लायकाचें एल्मार सरस कीं काँटॅक्सचें सोनार, याविषयीं हौशी लोक तासन्‌तास बोलतात. या वादाचा नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांशीं आणि त्यांच्या पालकांशीं काय संबंध, असें कोणी विचारील; म्हणून तो संबंध प्रथम सांगितला पाहिजे.

संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला पैशाचा. नामांकित भिंगाचा जुना कॅमेरा आज हजारों रुपयांस विकला जातो. मुलगा हट्ट धरतो, आणि पालकास त्यांतील खरें-खोटें उमजत नाहीं. दुसरा संबंध याहून महत्त्वाचा आहे. आजोबांचा साधा कॅमेरा घरांत असतो. ‘याचें भिंग कांहीं नांवाजलेलें नाहीं’ एवढें ऐकलें कीं तो भंगारवाल्याच्या गाड्यावर जातो, आणि प्रकाशशास्त्र हातांनीं शिकण्याचें एक उत्तम साधन कवडीमोलानें घराबाहेर पडतें. माझें मत असें आहे कीं, आपल्या भागांतील मुबलक उन्हांत आणि घरांत ठेवण्याजोग्या आकाराच्या प्रतींत साध्या व नामांकित भिंगांतील अंतर लोक समजतात त्याहून पुष्कळच कमी असतें. जेथें तें खरोखर मोठें असतें, ते प्रसंग थोडे आहेत आणि आधीं ओळखतां येण्यासारखे आहेत. म्हणून भिंगाच्या नांवापेक्षां त्याची मर्यादा ओळखण्यास विद्यार्थ्यानें शिकावें. हें मत सकारण मांडावयाचें तर भिंगांची थोडी वंशावळ पाहिली पाहिजे.

एका बहिर्गोल कांचेनेंहि चित्र पडतें, हें शाळेंत आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु त्या चित्रांत दोष असतात. कांचेच्या मधून येणारे किरण आणि कडेनें येणारे किरण एका बिंदूंत मिळत नाहींत. निळा प्रकाश जवळ मिळतो, तांबडा दूर मिळतो. सपाट भिंतीचें चित्र वाटीसारख्या वांकड्या पृष्ठभागावर पडतें. फिल्म तर सपाट असते. त्यामुळें मध्य स्पष्ट आला तर कडा पुसट होतात. छायाचित्रणाच्या भिंगाचा सारा इतिहास म्हणजे या दोषांशीं चाललेला झगडा होय. दागेर यानें १८३९ सालीं आपली युक्ति जगापुढें ठेविली, त्या वेळीं त्याच्या कॅमेऱ्यांत पॅरिसच्या शव्हालिए यांचें भिंग होतें. त्यांत दोन प्रकारच्या कांचा एकमेकींस चिकटविलेल्या होत्या, आणि दोष झांकण्यासाठीं त्याचें छिद्र फार लहान ठेवावें लागे. परिणाम असा कीं, माणसाचें चित्र काढावयाचें तर त्यानें उन्हांत कित्येक मिनिटें न हलतां बसावें !

ही अडचण व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक पेट्झव्हाल यांनीं १८४० सालीं दूर केली. त्यांचें भिंग गणितानें आंखलेलें असून जुन्या भिंगाच्या सुमारें सोळापट प्रकाश आंत घेई. फॉइग्टलेंडर यांच्या कारखान्यांत तें तयार झालें, आणि पुढें कित्येक दशकें जगांतील स्टुडिओंवर त्याचेंच राज्य होतें. याचा मध्यभाग अत्यंत रेखीव, पण कडा मऊ व भोंवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसत. चेहरा मध्यावर ठेवून काढावयाच्या चित्रास हा दोष बाधत नसे. इमारतीच्या चित्रास मात्र तो मुळींच चालत नसे. इमारतींसाठीं १८६६ सालीं लंडनचे डालमायर आणि म्यूनिकचे श्टाइनहाइल यांनीं एकमेकांस न कळत एकाच जातीचें भिंग काढलें. दोन सारख्या जोड-कांचा समोरासमोर आणि मध्यें छिद्र, अशी त्याची रचना होती; त्यामुळें खांब आणि भिंती वांकड्या न येतां सरळ येऊं लागल्या. एवढ्यावरूनच एक गोष्ट ध्यानांत येते. माणसासाठीं एक भिंग आणि मंदिरासाठीं दुसरें, हा विवेक त्या काळच्या धंदेवाइकास होता. ‘सर्वांत श्रेष्ठ कोणतें?’ हा प्रश्न त्यास पडतच नसे.

यानंतरची मोठी प्रगति कांचेच्या भट्टींत झाली. जर्मनींतील येना येथें आबे व शॉट यांनीं १८८४ सालीं कारखाना काढून नव्या गुणधर्मांच्या कांचा तयार केल्या. त्यांच्या साहाय्यानें झाइसच्या कारखान्यांतील पाउल रुडोल्फ यांनीं १८९० सालीं कडेपर्यंत सारखें रेखीव चित्र देणारें भिंग बनविलें. १८९३ सालीं इंग्लंडांतील यॉर्क येथील कुक यांच्या कारखान्यांत डेनिस टेलर यांनीं अवघ्या तीन सुट्या कांचांत बहुतेक सर्व दोष आवरून दाखविले. बाहेरच्या दोन कांचा बहिर्गोल आणि मधली अंतर्गोल. इतक्या थोड्या सामग्रींत इतकें काम साधणारी दुसरी रचना क्वचितच सांपडेल. पुढें १९०२ सालीं रुडोल्फ यांचें टेसार आलें. ग्रीक भाषेंतील ‘चार’ या शब्दावरून हें नांव ठेविलें आहे. रचनेनें पाहतां तीन कांचांच्या भिंगांतील शेवटच्या कांचेऐवजीं दोन कांचांचा जोड बसविला, म्हणजे टेसार होतें. लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला, त्यासाठीं माक्स बेरेक यांनीं केलेलें एल्मारहि चार कांचांचें आणि याच घाटाचें आहे. आपल्याकडील स्टुडिओंत पुढें पुष्कळ वापरले गेलेले जपानी याशिका कॅमेरे घेतले तरी हेंच आढळतें. ‘याशिकॉर’ हें तीन कांचांचें, ‘याशिनॉन’ हें चार कांचांचें. तेव्हां हौशी मंडळींचा निम्मा वाद या तीन आणि चारांचा आहे असें म्हटलें तरी चालेल.

आतां आपल्या प्रदेशाकडे वळूं. नांदेड आणि लातूर ही भूमि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होती, आणि त्या संस्थानानें हिंदुस्थानास एक अव्वल दर्जाचा छायाचित्रकार दिला. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालीं मेरठजवळ सरधना येथें झाला. रुडकीच्या कॉलेजांत त्यांनीं स्थापत्याचें शिक्षण घेतलें, इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नोकरी केली, आणि पुढें सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. राजवाडे, दरबार, शिकारी, किल्ले आणि लेणीं त्यांनीं कांचेच्या मोठमोठ्या पट्ट्यांवर उतरविलीं. त्यांपैकीं अडीच हजारांहून अधिक पट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत जतन केलेल्या आहेत. त्यांच्या चित्रांतील पागोट्याची घडी आणि दगडाचा पोत पाहून आजचा मनुष्यहि थक्क होतो. पण सनांचा हिशेब करा. दीनदयाळ १९०५ सालीं वारले. टेसार निघालें १९०२ सालीं. ज्या कामावर त्यांची कीर्ति उभी आहे, त्याचा बहुतेक भाग टेसार जन्मास येण्यापूर्वींचा आहे. मग तो रेखीवपणा आला कोठून ?

या प्रश्नाचें उत्तर वादांत नेहमीं विसरल्या जाणाऱ्या एका गोष्टींत आहे. ती म्हणजे पट्टीचा अथवा फिल्मचा आकार. त्या काळीं जेवढी पट्टी, तेवढीच प्रत. पट्टीवर कागद ठेवून उन्हांत छापावयाचें. चित्र मोठें करावयाचें नाहीं, म्हणून भिंगाचे दोषहि मोठे व्हावयाचे नाहींत. लायकासारख्या कॅमेऱ्याची चौकट मात्र २४ मिलिमीटर रुंद आणि ३६ मिलिमीटर लांब असते. तिच्यावरून आठ इंच रुंदीची प्रत करावयाची तर चित्र आठपटींहून अधिक वाढवावें लागतें, आणि त्याबरोबर प्रत्येक दोष आठपटींनीं वाढतो. अशा इवल्या चौकटीस उत्तम भिंग हवेंच. तेथें एल्मारची आणि सोनारची महती खरी आहे. परंतु १२० नंबरच्या रुंद फिल्मवर सहा सेंटिमीटर चौरस चित्र काढणाऱ्या कॅमेऱ्यांत तेवढीच प्रत साडेतीन-पावणेचारपटींनीं वाढविल्यानें होते. आपल्याकडे एके काळीं घरोघर असलेला अॅग्फा क्लिक याच जातीचा. त्याचें भिंग अगदीं साधें. पण त्याच्या चौकटीएवढ्याच प्रती आल्बमांत काळ्या कागदावर चिकटविलेल्या असत, आणि त्या पाहून कोणासहि भिंगाची उणीव भासली नाहीं. तेव्हां फिल्मचा आकार न सांगतां भिंगांची तुलना करणें म्हणजे शेताचें क्षेत्र न सांगतां पिकाच्या पोत्यांची तुलना करण्यासारखें आहे.

दुसरी विसरलेली गोष्ट म्हणजे ऊन. भिंगाच्या नाभ्यंतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें असतां जो आंकडा येतो, त्यास ‘एफ’ आंकडा म्हणतात; आंकडा मोठा तर छिद्र लहान. भिंगाचे बहुतेक दोष छिद्र मोठें असतां डोळ्यांत भरतात आणि तें लहान करीत गेल्यास झपाट्यानें झांकले जातात. तीन कांचांचें भिंग एफ-३.५ वर कोपऱ्यांत पुसट दिसतें, टेसार त्याच छिद्रावर पुष्कळ नीट असतें; परंतु दोन्ही एफ-८ अथवा एफ-११ वर आणलीं, तर सामान्य आकाराच्या प्रतींत कोणतें चित्र कोणत्या भिंगाचें हें सांगणें भल्याभल्यांस कठीण जातें. आतां एफ-११ ला प्रकाश किती लागतो ? जुन्या छायाचित्रकारांचा एक सोपा नियम आहे. स्वच्छ उन्हांत, शंभर नंबरच्या फिल्मवर, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवलें तर छिद्र एफ-१६ ठेवावें. त्या हिशेबानें एफ-११ ला सेकंदाचा दोनशेवा आणि एफ-८ ला चारशेवा भाग पुरतो. ज्या देशांत आभाळ महिनोन्‌महिने झांकोळलेलें असतें, तेथील माणसास मोठ्या छिद्राचें भिंग ही गरज आहे. आपल्याकडे पावसाळा सरल्यापासून मृगापर्यंत बहुतेक दिवस लख्ख ऊन असतें. कंधारचा किल्ला, औशाचा आणि उदगीरचा किल्ला, होट्टलच्या मंदिरावरील शिल्पें, माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंतील घोडे आणि उंट, हें सर्व भर दिवसा, उघड्यावर आहे. येथें देवानें जो प्रकाश फुकट दिला आहे, तोच साध्या भिंगास नामांकित भिंगाच्या पंक्तीस नेऊन बसवितो. ज्याच्या विहिरीस बारमाही पाणी, त्यानें दुष्काळी गांवच्या पोहऱ्याचा हेवा कां करावा ?

तथापि एकाच बाजूनें बोलणें योग्य होणार नाहीं. जेथें भिंगाभिंगांतील भेद खरा आहे, असे प्रसंगहि सांगितले पाहिजेत. पहिला प्रसंग अपुऱ्या उजेडांत हलणाऱ्या वस्तूंचा. रात्रीची वरात, दिव्यांच्या उजेडांतील गर्दी, स्नेहसंमेलनाचें नाटक, येथें छिद्र लहान करून भागत नाहीं. लुडविग बेर्टेले यांनीं काँटॅक्स कॅमेऱ्यासाठीं केलेलें सोनार १९३२ च्या सुमारास आलें. त्याचें छिद्र एफ-१.५ पर्यंत उघडे. एफ-३.५ च्या मानानें तें पांचपटींहून अधिक प्रकाश घेतें. अशा वेळीं साध्या भिंगाचा अभिमान धरण्यांत अर्थ नाहीं. पण ‘अपुरा उजेड’ आणि ‘हलणारी वस्तु’ या दोन्ही अटी एकदम लागू पडल्या पाहिजेत हें विसरूं नये. औशाजवळील खरोशाच्या लेण्यांत उजेड कमी असतो खरा, पण मूर्ति हलत नाहींत. तेथें तिवईवर कॅमेरा ठेवून, छिद्र लहान करून, शटर कांहीं सेकंद उघडें ठेवलें तर साधें भिंगहि उत्तम काम देतें. तेथें उणीव असेल तर ती तिवईची आणि धीराची असते.

दुसरा प्रसंग समोरून येणाऱ्या उन्हाचा. कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून शेंकडा चार-पांच भाग प्रकाश उलट फिरतो. तीन सुट्या कांचांचे पृष्ठभाग सहा; म्हणजे पंचमांशाहून अधिक प्रकाश वाटेंतच भटकतो, आणि त्यांतील कांहीं भाग फिल्मवर धुक्यासारखा पसरून चित्र निस्तेज करतो. रुडोल्फ यांनीं १८९६ सालीं प्लानार नांवाचें भिंग काढलें होतें. त्याचें गणित अव्वल, पण हवेस लागलेले पृष्ठभाग आठ. त्यामुळें तें अनेक वर्षें मागें पडलें. बेर्टेले यांनीं सोनारमध्यें कांचा अधिक वापरूनहि त्या तीनच गटांत चिकटविल्या, त्याचें कारण हेंच. पुढें १९३५ सालीं झाइस येथील स्माकुला यांनीं कांचेवर अतिसूक्ष्म पातळ थर देऊन हें परावर्तन कमी करण्याची रीति काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सर्वत्र पसरली आणि प्लानारच्या घाटाचें भाग्य उदयास आलें. आपल्या जुन्या कॅमेऱ्याचें भिंग निळसर अथवा जांभळट छटा न दाखवितां नुसत्या खिडकीच्या कांचेसारखें चमकत असेल, तर त्यावर असा थर नाहीं असें समजावें. मे महिन्याच्या लातूरच्या उन्हांत अशा भिंगानें काम करतांना सूर्य पाठीशीं अथवा बाजूस ठेवावा, आणि भिंगावर काळ्या कागदाची आंखूड नळी बसवावी. दहा पैशांच्या कागदानें जें साधतें, त्यासाठीं दहा हजार रुपयांचें भिंग घेण्याचें कारण नाहीं.

हल्लीं याच्या उलट एक मतहि ऐकूं येतें. जुन्या भिंगांचे दोष हेच त्यांचें सौंदर्य, असें कांहीं लोक म्हणतात. पेट्झव्हालच्या भिंगांतील भोंवऱ्यासारख्या कडांवर लोक इतके लुब्ध झाले कीं, तो घाट लोमोग्राफी या कंपनीनें २०१३ सालीं पुन्हां नव्यानें बाजारांत आणण्याचें ठरविलें, आणि त्यास गिऱ्हाइकें मिळालीं. आवडीस औषध नसतें. परंतु विद्यार्थ्यांनीं या मतापासून थोडें दूर राहावें असें मला वाटतें. पेट्झव्हाल, टेलर आणि रुडोल्फ यांनीं आपलें आयुष्य हे दोष घालविण्यांत वेंचलें. दोष ओळखून, एकाद्या चेहऱ्याभोंवतीं मुद्दाम मऊ कडा ठेवणें ही कला आहे. दोष ओळखतांच न येणें आणि त्यालाच सौंदर्य म्हणणें हा आळस आहे. या दोहोंतील भेद कळण्यासाठीं आधीं निर्दोष चित्र म्हणजे काय हें डोळ्यास कळलें पाहिजे.

साधनापेक्षां साधक मोठा, याचीं उदाहरणें महाराष्ट्रास बाहेरून आणावयास नकोत. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं इंग्लंडला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मिळविला, आणि मुख्य चित्रपटास हात घालण्यापूर्वीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळानें एकेक चौकट घेऊन टिपली. त्या लहानशा चित्रांत भिंगाचें काम थोडें. नियमितपणाचें आणि धीराचें काम फार. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांच्यापाशीं तर आयता कॅमेराहि नव्हता. त्यांनीं तो स्वतःच्या हातांनीं घडविला, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें ठेविला. या दोघांनीं ‘आधीं श्रेष्ठ भिंग येऊं द्या, मग आरंभ करूं’ असें म्हटलें असतें, तर मराठी माणसाच्या चित्रपटाचा आरंभ किती लांबला असता, याची कल्पनाच करावी.

कोणी म्हणेल, आज प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे, त्यांतला कॅमेरा सर्व कांहीं आपोआप करतो. मग हा खटाटोप कशासाठीं? उत्तर असें कीं, ‘आपोआप’ या शब्दांतच त्याची उणीव आहे. फोनमधील भिंगाचे दोष आंतील गणकयंत्र पुसून टाकतें आणि मग चित्र आपल्यापुढें ठेवतें. पाहणाऱ्यास दोषहि दिसत नाहीं आणि त्याचा उपायहि कळत नाहीं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत भिंगांचें प्रकरण आहे. मुलें किरणाकृति पाठ करतात, परीक्षेंत काढतात आणि विसरतात. जुना कॅमेरा तीच आकृति डोळ्यांपुढें उभी करतो. शिवाय हें शिकण्यास फिल्मचा खर्चहि लागत नाहीं. कॅमेऱ्याची पाठ उघडावी, फिल्मच्या जागीं तेल लावलेला पातळ कागद ताणून बसवावा, शटर उघडें राहील अशी कळ लावावी, डोक्यावर जाड काळें कापड घ्यावें, आणि कॅमेरा उन्हांतील झाडाकडे रोखावा. कागदावर उलटें चित्र पडेल. छिद्र पूर्ण उघडें असतां कडा कशा विरघळतात आणि तें मिटत आणतां त्या कशा गोळा होतात, हें पांच मिनिटांत दिसतें. मात्र असें भिंग सूर्याकडे रोखून त्यांतून पाहूं नये. डोळ्यास कायमची इजा होईल.

दुसरा एक प्रयोग आहे. अंधाऱ्या खोलींत एक दिवा लावून त्याचें प्रतिबिंब भिंगांत तिरकें पाहावें. कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागाचें एक ठळक प्रतिबिंब दिसतें, आणि चिकटविलेल्या जोडाचें अगदीं अंधुक दिसतें. सहा ठळक प्रतिबिंबें मोजलीं तर तीन कांचांचें भिंग. सहा ठळक आणि एक अंधुक दिसलें तर टेसारचा घाट. भिंगाच्या कड्यावरील नांव न वाचतांहि त्याचें कूळ अशा रीतीनें सांगतां येतें. नांवावर भाळणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षां ही परीक्षा करणारा दहावीचा मुलगा भिंगाचा अधिक जाणता म्हणावा लागेल.

पालकांस आतां एक व्यावहारिक सूचना. जुना कॅमेरा विकत घ्यावयाचाच असेल, तर नांवापूर्वीं प्रकृति पाहावी. भिंग उजेडापुढें धरून आंत डोकवावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. ती पावसाळ्याच्या दमटपणानें आणि बंद चामडी पिशवींत कोंडल्यानें वाढते, आणि पुढें कांचहि खाते. बुरशी लागलेल्या टेसारपेक्षां स्वच्छ साधें भिंग शतपटीनें बरें. कॅमेरा घरांतलाच असेल तर तो पिशवींतून काढून हवेशीर कपाटांत ठेवावा, जवळ ओलावा शोषणारी पुडी ठेवावी, आणि महिन्यांतून एकदां तरी शटर चालवून पाहावें. एवढें केलें तर तो नातवाच्याहि कामीं येईल. तसेंच शाळांनींहि विज्ञानशाळेच्या कपाटांत असे दोन-तीन कॅमेरे ठेवावे. बंद पडलेला असला तरी त्याचें भिंग शिकविण्यास पुरेसें असतें. गांवांतील जुन्या स्टुडिओवाल्यांस एक दिवस बोलावून त्यांचें हस्तकौशल्य मुलांस दाखवावें. उटकमंडची हिंदुस्थान फोटो फिल्म्स बंद झाली, त्याबरोबर देशांत फिल्म होणें थांबलें. ती वापरून ज्यांचे हात तयार झाले, अशीं माणसेंहि दरवर्षीं कमी होत आहेत. भिंग शंभर वर्षें टिकतें, पण तें वापरण्याची विद्या एका पिढींत बुडते.

आणि शेवटीं, चित्र कशासाठीं काढावयाचें, हा प्रश्न भिंगाच्या प्रश्नाहून मोठा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गेलीं. अशा घरांतील माणसाचें एकादें छायाचित्र ढिगाऱ्यांतून अथवा दुसऱ्या गांवच्या नातलगाच्या पेटींतून निघालें असेल, तर तें तीन कांचांच्या भिंगानें काढलें कीं चारांच्या, हें कोणीं विचारलें असेल ? आईचा चेहरा ओळखूं येतो ना, एवढेंच कोणीहि पाहील. ज्या चित्रावर घराची आठवण टांगलेली असते, त्याचें मोल कोपऱ्यांतील रेखीवपणावर ठरत नाहीं; तें वेळेवर काढलें गेलें यावर ठरतें.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, श्रेष्ठ भिंग कोणतें, या प्रश्नास माझें उत्तर साधें आहे. इवल्या फिल्मवरून भिंतीएवढी प्रत काढणाऱ्यास आणि रात्रीच्या गर्दींत धांवणाऱ्यास सोनार अथवा प्लानार श्रेष्ठ. आपणांस, आपल्या उन्हांत, आपल्या आल्बमासाठीं, घरांत जें निरोगी भिंग आहे आणि ज्याची मर्यादा आपण स्वतः तेलकट कागदावर पाहिली आहे, तेंच श्रेष्ठ. या दिवाळीच्या सुटींत माळ्यावरचा कॅमेरा खालीं काढा, त्याचीं प्रतिबिंबें मोजा, आणि आजी-आजोबांस सकाळच्या उन्हांत अंगणांत बसवून एक चित्र घ्या. अंगण थोडें वांकडें असलें तरी हरकत नाहीं.